न्यूयॉर्कची दुपार, पुण्याची रात्र: डब्ल्यूकेसीआर

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूकेसीआर (८९.९ एफएम) हे केंद्र विद्यार्थी चालवतात, त्यावर जाहिराती नसतात आणि इंटरनेटमुळे ते पुण्यात बसूनही ऐकता येते. सोमवार ते शुक्रवार तिथे दुपारी बारा ते तीन जाझचा ‘आउट टू लंच’ आणि पुढे सहापर्यंत आधुनिक पाश्चात्त्य अभिजात संगीताचा ‘आफ्टरनून न्यू म्यूझिक’ असतो. उन्हाळ्यात तिथले बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. हिवाळ्यात मात्र साडेदहापर्यंत वाट पाहावी लागते.

या केंद्राचे खरे बळ निवेदनात आहे. काही रेकॉर्डी सलग वाजल्या की ट्रम्पेट कोणाचा, ड्रम्सवर कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, हे सारे निवेदक सांगतो. आकाशवाणीवर तबला-हार्मोनियमच्या साथीदारांची नावे ऐकत वाढलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. ती मुरवण्यात २०२१ साली निवर्तलेल्या फिल शाप यांचा वाटा मोठा. १९७० पासून ते इथे निवेदन करत, आणि एकेका ध्वनिमुद्रणावर इतके बोलत की काही श्रोते वैतागत. मला ते बोलणे कधीच जड झाले नाही.

२९ ऑगस्टला, जाझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या जन्मदिनी, नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून दिवसभर त्याचेच वादन लावतात. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी मुद्रित झालेल्या त्याच्या ‘को-को’ या रचनेचा पहिला टेक (ध्वनिमुद्रणाचा एक प्रयत्न), वादक ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या चालीत शिरताच थांबवला गेला होता. तो अर्धवट टेक आणि नंतरचा पूर्ण टेक लागोपाठ ऐकले, की मूळ चाल टाकून देऊन केवळ तिच्या कॉर्ड्सवर (साथीच्या स्वरसमूहांवर) पार्करने काय उभे केले, ते स्पष्टीकरणाशिवाय कानाला कळते.

दुपारचा उत्तरार्ध, म्हणजे ‘आफ्टरनून न्यू म्यूझिक’, मात्र सर्वांना मानवणारा नाही. पियानोच्या तारांत स्क्रू आणि बोल्ट अडकवणाऱ्या अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या परंपरेतले हे संगीत आहे, आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर ते ऐकायला चिकाटी लागते. मोझार्टच्या अपेक्षेने येणाऱ्याची इथे निराशाच होईल. डिसेंबरअखेरीस या केंद्रावर जर्मन संगीतकार बाखचा उत्सव असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताची नुकतीच ओळख होत असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी आणि ‘आफ्टरनून न्यू म्यूझिक’कडे सवडीने वळावे.