ऑक्सिजन ब्लीच पावडर: सहा महिने वापरल्यावर

घरात पांढरे सुती कपडे बरेच असतील तर ही पावडर जरूर घ्या. मात्र पाकिटावरच्या 'थंड पाण्यातही तेवढीच प्रभावी' या ओळीवर विसंबू नका. थंड पाण्यात भिजवलेले अभ्रे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात.

पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. डाग काढतो तो पेरॉक्साइड, आणि त्याला जोर चढतो 40 अंशांच्या वर. घटकांत टीएईडी (कमी तापमानातही ब्लीचला चालना देणारं रसायन) असेल तर कोमट पाण्यातही बऱ्यापैकी निभावतं.

प्रमाण असं बसलं: अडीच लिटर नळाचं पाणी, त्यात अडीच लिटर उकळतं, म्हणजे साधारण 60 अंश. त्यात 3 मोठे चमचे, सुमारे 45 ग्रॅम, पूर्ण विरघळवायची आणि मगच कपडे सोडायचे. सरळ उकळत्या पाण्यात टाकली तर फसफसून वर येते आणि जोर तिथेच संपतो. कपडे पुरते बुडाले पाहिजेत, वर ताटली दाबून ठेवा; तरंगणारा कोपरा पिवळाच राहतो. चार तास पुरे. पाणी निवल्यावर फारसं काही घडत नाही, त्यामुळे रात्रभर भिजत ठेवण्यात अर्थ नाही. नंतर नेहमीसारखं धुऊन दोनदा खळबळून घ्या, नाहीतर पाणी जड असल्यास टॉवेल कडक होतात.

उशीचे अभ्रे, चादरी, बनियन यांवर निकाल उत्तम. अभ्र्यांचं पाणी तर अर्ध्या तासात पिवळसर गढूळ होतं. कॉलरच्या काळ्या रेघेला आधी साबण चोळावाच लागतो. काखेतले कडक पिवळे डाग अर्धेच उतरतात, कारण तिथे घामासोबत अँटीपर्स्पिरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार बसलेले असतात.

गंजाच्या डागावर ही पावडर वापरूच नका. डाग जात नाहीच, उलट लोखंडामुळे पेरॉक्साइड त्या जागी भराभर फुटतं आणि कापड विरतं. लोकर आणि रेशीमही हिच्यापासून लांब ठेवा. पॉलिएस्टरचा करडेपणाही हटत नाही. तो बहुतेकदा कोंबून भरलेल्या मशीनचा आणि कमी पडलेल्या डिटर्जंटचा असतो. सुटलेला मळ पुन्हा कपड्यावरच बसतो.

क्लोरीनचं ब्लीच झटपट काम करतं हे खरं, पण स्पँडेक्सवर त्याने पिवळेपणा येतो आणि सुती धागा कमकुवत होतो. दोन्ही ब्लीच एकत्र करायची नाहीत. नीळ वेगळीच गोष्ट: ती पिवळेपणा काढत नाही, झाकते. द्यायचीच तर शेवटच्या पाण्यात.

उरलेलं द्रावण झाकण लावून बाटलीत ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते. कोरडी पावडरही ओल लागली की निकामी होते. शंका आली तर चिमूटभर कढत पाण्यात टाका. बारीक बुडबुडे आले नाहीत तर ती डब्यासकट बाद.