सोलापूरचा उन्हाळा, परदेशी कुटुंब आणि डेझर्ट कूलर: घ्यावा का, कोणता, कसा चालवावा

परदेशातून नोकरीनिमित्त सोलापुरात आलेल्या कुटुंबाला घर लावून देताना घरमालक आणि कंपनीची माणसं सगळ्यात आधी एसीचा विचार करतात. बेडरूमला एसी असावा, त्याबद्दल वाद नाही. पण हॉलमध्ये मुलं दिवसभर खेळतात, स्वयंपाकघरातून सारखी ये-जा असते, दार उघडतं-मिटतं. तिथे मार्चच्या शेवटापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत डेझर्ट कूलरच जास्त उपयोगाचा आहे. अट एकच, घरात नव्याने राहायला आलेल्या माणसांना तो नीट समजावून द्यायला हवा. हे उघड्या खिडकीचं आणि पाण्याचं यंत्र आहे. थंड देशातून आलेल्या माणसाची सवय नेमकी उलटी असते: गारवा हवा तर खिडक्या बंद करायच्या, आणि नळ उघडला की पाणी येणारच.

आधी तो इथे चालतो का, ते पाहू. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो. दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर पारा २४ अंशांच्या आसपास उतरतो. कूलर बाहेरची गरम हवा पाण्याने भिजलेल्या पॅडमधून ओढतो आणि तिला या २४ कडे खाली आणतो. चांगलं पॅड मधल्या १८ अंशांचं तीन-चतुर्थांश अंतर कापतं, म्हणजे तोंडाशी झोत मिळतो २८-२९ अंशांचा. आर्द्रता ३० टक्क्यांवर गेली तर तोच झोत ३१ च्या घरात राहतो. जुलैत हवा दमट झाली की कूलर फक्त ओलावा वाढवतो आणि अंग चिकचिकतं. कोकणात कूलर का खपत नाही आणि सोलापुरात घरोघरी का दिसतो, याचं उत्तर याच आकड्यांत आहे.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, खोलीत ठेवायचा २०-३५ लिटरचा छोटा पर्सनल कूलर. दिसायला देखणा, चाकांवर फिरणारा, ऑनलाइन मागवायला सोपा. म्हणून परदेशी कुटुंबं बहुधा हाच घेतात, आणि नेमका हाच घेऊ नये. तो खोलीतलीच हवा ओली करून पुन्हा खोलीत सोडतो. बंद खोलीत अर्ध्या तासात कागद मऊ पडतात, फरशी ओलसर लागते आणि गारवा संपतो. त्यातला बर्फाचा कप्पा तर पूर्ण निरुपयोगी. मोठा कूलर कडक उन्हात तासाला सुमारे दहा लिटर पाण्याची वाफ करतो आणि सगळी थंडाई त्या वाफेतून येते. त्या हिशेबात पाच किलो बर्फ म्हणजे जेमतेम पाच मिनिटांचा गारवा.

दुसरा, स्थानिक कारागिराने बनवलेला पत्र्याचा कूलर. हवा दणदणीत फेकतो, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात होते, मोटर आणि पंप सुटे मिळतात. खालचा पत्रा मात्र दोन-तीन वर्षांत गंजून गळू लागतो, आवाज मोठा असतो, आणि विजेचा धोका आहेच. त्याबद्दल खाली सविस्तर. तिसरा, ७० ते ९० लिटर टाकीचा प्लॅस्टिक बॉडीचा डेझर्ट कूलर. लहान मुलं असलेल्या घरासाठी हाच घ्या. साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळतो.

आकार ठरवताना डब्यावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. खोलीतली सगळी हवा दर दोन मिनिटांनी बदलली पाहिजे, असा साधा नियम आहे. १२ बाय १४ ची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १,६८० घनफूट. मिनिटाला ८४० घनफूट, म्हणजे तासाला जवळपास १,४०० घनमीटर हवा हवी. कंपनीचा आकडा पॅड नवं, समोर काही अडथळा नाही, अशा परिस्थितीतला असतो. खिडकीत बसवल्यावर आणि पॅडवर धूळ-क्षार चढल्यावर तो बराच खाली येतो. म्हणून डब्यावर २,५०० ते ३,००० घनमीटर लिहिलेला कूलर या खोलीला बरोबर.

बसवायचा तो खिडकीत, पाठ बाहेर आणि तोंड आत. पश्चिमेची खिडकी टाळा, उन्हाने प्लॅस्टिक लवकर तडकतं. उत्तर किंवा पूर्वेकडची सावलीची बाजू उत्तम. आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी हवी. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे. वरच्या खोलीच्या हिशेबाने किमान दीड-दोन चौरस फुटांची मोकळी वाट लागते, आणि खिडकीला डासांची जाळी असेल तर तिच्या दुप्पट. हे घरात आलेल्या कुटुंबाला तोंडी सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. कूलर चालू करून खिडकी बंद ठेवा, दहा मिनिटांनी उघडा आणि त्यांना झोतासमोर उभं करा. फरक अंगाला लगेच कळतो. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम लावणं ही दुसरी नेहमीची चूक. कूलर ओलावा भरतो, एसी तो काढण्यात वीज घालवतो.

आता पाणी. खरा प्रश्न इथे आहे. उजनी धरणाचं पाणी शहरात येतं, पण नळाला रोज येत नाही, मध्ये काही दिवसांचा खंड पडतो. हौद आणि गच्चीवरची टाकी यांवर घर चालतं. मेमध्ये कूलर दिवसा सहा तास आणि रात्री आठ तास चालला तर रोज १०० लिटरच्या आसपास पाणी पितो. चार दिवसांनी पाणी येणार असेल, तर कूलरचेच ४०० लिटर झाले. हजार लिटरच्या टाकीवर चौघांचं घर चालत असेल तर तिसऱ्या दिवशी आंघोळीला पाणी उरत नाही, आणि घरातल्या नव्या माणसांना ते का उरलं नाही हेच कळत नाही. घर देताना कूलरसाठी ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा. ते जमत नसेल तर दिवसा फक्त हॉलचा कूलर आणि रात्री बेडरूमचा एसी, अशी वाटणी करून द्या. कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ) लावून थेट नळी जोडायची असेल तर व्हॉल्व्ह अडकून टाकी भरून वाहत नाही ना, हे आठवड्याला बघा. एका रात्रीत अख्खी टाकी रिकामी होऊ शकते.

पाण्यातल्या क्षारांचा हिशेब फार कमी लोक करतात. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे उरतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०० धरला, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, तर रोजच्या १०० लिटरमागे ५० ग्रॅम क्षार टाकीत आणि पॅडवर साठतात. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम. पॅडवर आधी पांढरी रेघ दिसते, मग बोटाने खरवडला तर निघणारा कडक थर, आणि शेवटी पॅडची भोकं बुजतात. हवा कमी, आवाज जास्त. पंपाच्या पंख्यालाही हाच थर चढतो. पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच. दर दोन-तीन दिवसांनी तळाची बूच काढून उरलेलं पाणी सोडून द्या. हे पाणी झाडांना घालू नका, खारट असतं. संडासात किंवा अंगण धुवायला वापरा. आणि आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये ओतण्याची जी पद्धत आहे ती बंद करा. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. एक बादली वाचते, पण पॅड एका हंगामात जातं.

पॅड मुख्यतः दोन प्रकारचे. लाकडाच्या बारीक तंतूंचं (वूड वूल), ज्याला दुकानात गवताचं पॅड म्हणतात, ते स्वस्त, आणि एक हंगाम पुरतं. ते मध्यातून खाली बसतं, वर फट पडते आणि त्या फटीतून गरम हवा तशीच आत शिरते. म्हणून मे सुरू झाला की जाळी उघडून वरची फट भरा. कागदाचं हनीकोंब पॅड महाग, पण पाणी सारखं पसरवतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन हंगाम टिकतं. त्यावर थर चढला तर दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात पॅड अर्धा-पाऊण तास भिजवा आणि साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. ब्रश घासू नका, फरशी धुवायचं अॅसिड तर मुळीच नको, पॅडचा डिंक सुटून ते लगद्यासारखं होतं. वाळ्याचं पॅड सुगंधासाठी छान, पण घरात कुणाला दमा किंवा वासाची अॅलर्जी असेल तर आधी विचारून घ्या. अशा घरात कुबट वास हाही साधा प्रश्न समजू नये, तो ओल्या पॅडवरच्या बुरशीचा असतो. उपाय सोपा: बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालू ठेवा, पॅड वाळतं. चालू करताना उलट, आधी दहा मिनिटं पंप, मग पंखा.

वीज. डेझर्ट कूलर साधारण २०० वॉट घेतो, आठ तासांना दीड-दोन युनिट. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात याच्या कितीतरी पट वीज खातो. लाइट गेली की फरक आणखी ठळक होतो. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या (अँपिअर-अवर) बॅटरीवर कूलर चार तास सहज निघतो, एसी घरच्या इन्व्हर्टरवर चालतच नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर घरघरते आणि तापते.

धोक्याबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे. कूलर म्हणजे पाणी, वीज आणि ओली फरशी एकाच जागी. पत्र्याच्या कूलरची वायर आत कुठे घासली आणि घराला अर्थिंग नसेल, तर पूर्ण पत्र्यात करंट उतरतो. अनवाणी मूल त्याला हात लावतं आणि होऊ नये ते होतं. जुन्या वाड्यांत आणि पेठांतल्या कित्येक घरांत तिसरी पिन असते, पण तिच्यामागे वायरच नसते. भाडेकरू येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा. दोनेक हजारांचं काम आहे. एसीवर लाख रुपये घालून यावर हात आखडता घेणं चूक आहे. परदेशी कुटुंबाकडे प्रवासातले अॅडॅप्टर असतात, बहुतेकांना अर्थची पिन नसते. कूलर त्यावर कधीही लावू द्यायचा नाही, भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटमध्येच. पाणी भरताना प्लग काढलेला हवा. हे घरात काम करणाऱ्या मावशींनाही सांगा, कारण बहुतेक घरांत बादलीने पाणी त्याच भरतात. "आधी प्लग काढायचा, मग झाकण उघडायचं," एवढं वाक्य मराठीत आणि त्या कुटुंबाच्या भाषेत लिहून कूलरवर चिकटवलं तरी चालेल.

डास. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि कूलरची टाकी त्याला आयतीच मिळते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा: टाकी पूर्ण रिकामी, आतल्या कडा काथ्याने घासायच्या आणि उन्हात वाळवायच्या. नुसतं पाणी बदलून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी तशीही तळाला गेलेली असते, कोरडा दिवस त्याच दिवशी ठेवला तर पाणी वाया जात नाही. सुट्टीला मायदेशी जाणाऱ्या कुटुंबाला हे आवर्जून सांगा. तीन आठवडे घर बंद आणि टाकीत चार बोटं पाणी, हे सगळ्यात वाईट.

रात्रीबद्दल एक छोटी गोष्ट. पहाटे चारच्या सुमाराला बाहेरची हवाच उतरते आणि कूलरचा झोत अंगाला बोचायला लागतो, मुलं आखडून झोपतात. झोत सरळ पलंगावर न सोडता भिंतीवर वळवा आणि पायथ्याशी पातळ सुती चादर ठेवा. जाड सोलापुरी चादर फार सुंदर, पण ती डिसेंबरसाठी.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर दोन-तीन दिवस कूलर चालवून काही उपयोग होत नाही असं दिसलं की तो बंदच करा. पंप काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा, धुवा, पुसून कोरड्या डब्यात ठेवा. पॅड दोन दिवस कडक उन्हात वाळवा, गवताचं असेल तर टाकून द्या. टाकी कोरडी करून बूच उघडीच ठेवा, आणि कूलर खिडकीतच राहणार असेल तर पाठीमागून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधा, नाहीतर पावसाचं पाणी त्याच टाकीत साठतं.