ऑर्केस्ट्रासाठी कीबोर्ड घेताय? अरेंजर की सिंथ, आधी हे ठरवा

आमच्या ढोलकीवाल्याचा धाकटा भाऊ परवा घरी आला. मोबाईलवर दोन फोटो काढून समोर धरले आणि म्हणाला, "दादा, यातला कुठला घेऊ? पियानो तर दोन्हीत वाजतो." एक होता यामाहाचा पीएसआर-एसएक्स ९००, दुसरा रोलँडचा ज्यूनो-डीएस ६१. दोन्ही काळे, दोन्हीला एकसष्ट पट्ट्या. पण हे दोन ब्रँड नाहीत, दोन जाती आहेत. आपल्याकडे अजूनही कुठल्याही कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे हा फरक बऱ्याच जणांना पैसे मोजल्यावरच कळतो.

पहिला अरेंजर. डाव्या हाताने कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) धरा, त्याच्या पोटातला ड्रमर, बेसवाला आणि गिटारवाला तुमच्या मागे चालायला लागतात. कोर्गची पीए ७००, पीए १००० ही मंडळी याच जातीची. दुसरा सिंथ. त्यात टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, असतात, त्यांचे थर चढवायची, कापायची, घासायची सोय असते. पण तुमच्यासाठी बँड वाजवणारं कुणी आत बसलेलं नसतं. रोलँडचे एक्सपीएस-१०, एक्सपीएस-३० आणि यामाहाचा मोडएक्स इकडचे. एसएक्स ९०० किंवा पीए ७०० ला अंगचे स्पीकर असतात. ज्यूनोला नाहीत. घरी रियाज करायचा तरी हेडफोन लावा नाहीतर अँप्लिफायर आणा.

मी त्याला उलट विचारलं, "स्टेजवर तुझ्याबरोबर कोण असणार?"

ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आहे, ढोलकी-तबला आहे, बेस गिटार आहे, तर अरेंजरचं अर्धं यंत्र रात्रभर झोपून राहतं. त्या अर्ध्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात आणि ते वजन जिन्यावरून तुम्हीच वर नेलेलं असतं. याउलट सोसायटीतली हळद, कुणाची साठी, हॉटेलातला शनिवार, असं तुम्ही आणि एक गायिका एवढंच असेल, तर सिंथ घेऊन बसणं म्हणजे एकट्याने पंगत वाढायला जाणं. तिथे अरेंजरला पर्याय नाही. मधले बरेच जण पेनड्राइव्हवरचे ट्रॅक लावून वर सिंथ वाजवतात. तेही चालतं, पण गायिका एक अंतरा विसरली की ट्रॅक थांबत नाही. अरेंजरवर तुम्ही पुन्हा मुखड्याकडे वळू शकता.

स्टाइल्सबद्दल, म्हणजे अरेंजरमधल्या तयार साथीबद्दल, मात्र भ्रम नको. केहरवा, दादरा, भजनी ठेका सगळं मिळतं, ऐकायला गोडही असतं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली लय. लावणीत ढोलकीवाला लय चढवत नेतो, गाणारी त्याच्यावर स्वार होते आणि शेवटच्या कडव्याला गाणं सुरुवातीच्या कितीतरी पुढे पोचलेलं असतं. यंत्र ठरल्या टेम्पोला चिकटून बसतं. बटण दाबत दाबत टेम्पो वाढवता येतो, पण मग उजवा हात पीस (गाण्यामधला वाद्यांचा तुकडा) सोडून बटणावर जातो. दुसरी अडचण कॉर्डची. आपली निम्मी गाणी कॉर्डवर उभीच नाहीत, षड्ज-पंचमावर उभी आहेत. राग कोमल गंधाराचा आणि डाव्या हाताने सवयीने मेजर धरला, की आतला गिटारवाला शुद्ध गंधार छेडतो आणि गाणारी मान वळवून तुमच्याकडे बघते. यामाहाच्या अरेंजरमध्ये यावर एक साधा उपाय आहे. तीन सुरांची कॉर्ड धरायचीच नाही, फक्त सा आणि प दाबायचे. यंत्र ते ओळखतं आणि गंधार न लावता साथ चालवतं. दुकानात ही एक गोष्ट नक्की करून बघा. विकणाऱ्यालाही बहुधा नवीन असेल.

आता सिंथकडे. तिथे खरी परीक्षा टोन किती आहेत याची नसते, पुढचा टोन किती लवकर आणि किती सफाईने हाताखाली येतो याची असते. जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा इंटरल्यूड, म्हणजे दोन कडव्यांमधलं वादन, आठवा. चार मात्रा व्हायोलिन, मग बासरीचा एक तुकडा, लगेच सतारीचा 'झाला' (तारांचा जलद झंकार), पुन्हा व्हायोलिन आणि गाणारी उभी. मूळ रेकॉर्डिंगला खोली भरून वादक होते, इथे तुम्ही एकटे. बऱ्याच सिंथवर टोन बदलला की आधीच्या सुराची शेपटी तुटते, कारण टोनबरोबर रिव्हर्ब (घुमारा) आणि बाकीचे इफेक्टही बदलतात. बासरीचा शेवटचा सूर हवेत विरायच्या ऐवजी कात्रीने कापल्यासारखा संपतो. समोरच्या पहिल्या रांगेला ते कळतं. मोडएक्समध्ये यासाठी खास योजना आहे, दाबलेला सूर जुन्याच टोनमध्ये पूर्ण विरतो आणि नवीन सूर नव्या टोनमध्ये निघतो. नॉर्ड स्टेज ३ मध्येही असंच. ज्यूनोवर यावर मात करायची तर आदल्या दिवशी बसून स्प्लिट लावायचे: डावीकडे स्ट्रिंग्ज, उजवीकडे बासरी, मग बदलायची गरजच उरत नाही. मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय. फक्त एकसष्ट पट्ट्यांत दोन वाद्यं मावतात, तिसरं आलं की सप्तकं कमी पडतात आणि अंगठा सतारीच्या हद्दीत जातो.

अरेंजरवर हेच काम रजिस्ट्रेशनने होतं. एका बटणात टोन, स्टाइल, टेम्पो, ट्रान्सपोज (सगळे सूर ठरावीक अर्धस्वरांनी वर-खाली सरकवणं), सगळं साठवायचं. कोर्गमध्ये साँगबुक आहे, गाण्याच्या नावाने उघडतं. चाळीस गाण्यांचा कार्यक्रम असेल तर हे वरदान आहे, आणि त्याची तयारी करायला दोन रविवार जातात हेही खरं.

ट्रान्सपोजवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे कीबोर्डवाल्याची अब्रू तिथेच जाते. गायिका म्हणणार काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर सा, गायक म्हणणार काळी एक, पुढचा पाहुणा म्हणणार "पांढरी दोन, पण जमलं तर अर्धी खाली." आम्ही बरेच जण बोटं पांढरी एकची ठेवतो आणि बाकीचं बटणावर सोपवतो. काळी चारसाठी उणे चार, काळी एकसाठी अधिक एक. एकदा असंच ताईंचं काळी चारचं गाणं झालं, टाळ्या पडल्या, निवेदकाने लांबण लावलं, मी पाणी प्यायलो आणि पुढचं काळी एकचं गाणं तसंच उणे चारवर सुरू केलं. गंमत अशी की पहिल्या दोन-तीन सुरांत काही वावगं वाटलंच नाही. कारण पाच अर्धस्वर खाली म्हणजे सा च्या जागी बरोबर मंद्र पंचम वाजत होता, तो सुरात बसतोच. मग पीसमध्ये शुद्ध निषाद आला. बोट निषादावर आणि स्पीकरमधून तीव्र मध्यम. बासरीवाल्याने बासरी ओठांवरून काढली, गायकाने माइक खाली केला. तेव्हापासून गाणं संपलं की टाळ्यांआधी डोळा ट्रान्सपोजच्या दिव्यावर जातो. यंत्र निवडताना तो दिवा कुठे आहे, लांबून दिसतो का, आकडा पडद्यावर कायम राहतो की बटण दाबल्यावरच दिसतो, हे बघा. माहितीपत्रकात हे कुणी छापत नाही.

दुसरी आपली खास गरज म्हणजे गंधार. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एका अर्धस्वराचे शंभर सेंट), तानपुऱ्यातून ऐकू येणारा साधारण ३८६ वर. हा चौदा सेंटचा फरक आकड्यात किरकोळ दिसतो. पण भावगीतात गायिका गंधारावर थांबते आणि तुमची स्ट्रिंग्ज त्याच्याच खाली लांबवर धरलेली असतात, तेव्हा दोन सूर एकमेकांना घासतात. पीए मालिकेत आणि एसएक्स मालिकेत प्रत्येक सूर सुटा खालीवर करता येतो. स्टेजवर पेटीही असेल तर मात्र हा खेळ करू नका. पेटी आपल्या चारशेवर ठाम असते आणि मग तुमचं तिच्याशी जमत नाही. आणि ट्रान्सपोज केल्यावर उतरवलेला गंधार गंधारावरच राहतो की दुसऱ्याच सुरावर जाऊन बसतो, हे दुकानात वाजवून तपासा.

मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याचं, सांगायचं तर रोलँडची डावीकडची काडी आणि मोडएक्सची दोन चाकं यांत सवयीचा भाग मोठा. रोलँडची काडी आडवी हलते, पुढे ढकलली की कंप. सोडली की झटकन मध्यावर येते, त्यामुळे शहनाईच्या छोट्या हरकतींना छान. चाकावर हात हळू सरकवता येतो, लांब मींडेला मला ते बरं वाटतं. काडी किंवा चाकाने सूर किती सरकतो ती रेंज बहुतेक ठिकाणी दोन अर्धस्वरांची लावलेली असते. सतारीला ती वाढवा, बासरीला तशीच ठेवा. आणि बासरीचा टोन मोनो (एका वेळी एकच सूर) करा. दोन बासऱ्या एकदम वाजल्या की भ्रम तिथेच फुटतो.

भारतीय टोन हवेच असतील तर एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० इकडच्या वादकांत का रुजले हे कळायला वेळ लागत नाही. सतार, संतूर, शहनाई तयार मिळते आणि पेनड्राइव्हवरून स्वतःचे नमुने चढवता येतात. आमच्या मित्राने खऱ्या संबळाचे चार ठोके रेकॉर्ड करून त्यात घातलेत, गोंधळाला तेच वाजवतो. यामाहाचा पीएसआर-आय ५०० शिकणाऱ्याला उत्तम. तानपुरा-तबल्यासह रियाजाची सोय त्यात खास आपल्यासाठीच दिली आहे. पण तो घरातला गडी. मोठ्या मांडवात त्याच्या पट्ट्या हलक्या वाटतात.

वजन. ज्यूनो-डीएस ६१ भरतो ५.३ किलो, मोडएक्स ६ भरतो ६.६, एसएक्स ९०० तब्बल ११.५. केस धरून याच्यात आणखी भर घाला. पहिला पाठीवर टाकून दुचाकीवर मागे बसता येतं. तिसऱ्याला रिक्षा लागते आणि नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यावर दुसरा माणूस. ज्यूनो एए मापाच्या आठ रिचार्जेबल सेलवरही चालतो. हे मला आधी खेळण्यासारखं वाटायचं. मग एका गावच्या जत्रेत जनरेटर बदलताना मांडव अंधारला, सगळे गप्प झाले, माझा पडदा तेवढा उजळ राहिला. आवाज बाहेर जायला मिक्सर कुठे चालू होता म्हणा, पण वीज आल्यावर मी पहिल्या सेकंदाला तयार होतो. ज्यांच्या यंत्राला सुरू व्हायला वेळ लागतो ते अजून पडद्यावरचं कंपनीचं नाव बघत होते. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, तिथे एकेक मिनिट मोजून मिळतं.

अ‍ॅडाप्टर कुणाचाही कुणाला लावू नका. रोलँडचा नऊ व्होल्टचा, त्याची मधली पिन ऋण. यामाहाची मधली पिन धन, आणि त्यातही मोडएक्सला बारा व्होल्ट, एसएक्स ९०० ला सोळा. पिन भोकात बसली म्हणजे जमलं असं नसतं. मी माझ्या अ‍ॅडाप्टरवर नेलपॉलिशने लाल ठिपका दिलाय.

नॉर्डचं नाव काढल्याशिवाय हल्ली गप्पा पूर्ण होत नाहीत. लाल रंगाचं ते स्वीडिश यंत्र पियानो आणि ऑर्गनला खरोखर देखणं आहे, सगळं बटणावर, मेनूत शिरावं लागत नाही. पण किंमत लाखांत, आणि सतार-शहनाईसाठी तो बनलेलाच नाही. फ्यूजन बँड, जॅझ, चर्चमधली साथ, गोव्यातली हॉटेलं असा तुमचा पट्टा असेल तर विचार करा. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला तो घेणं म्हणजे बैलगाडीला मोटारीची चाकं लावण्याचा प्रकार.

जुना घेणार असाल तर एकच तपासणी सांगतो. पियानो लावा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी अगदी हळू, सारख्या जोराने दाबत जा. एखादी मध्येच बोंबलली तर आतल्या रबराच्या संपर्कपट्टीत धूळ किंवा झीज आहे. दुरुस्त होते, पण किमतीत धरा. मग पिच बेंड, म्हणजे ती काडी किंवा चाक, सोडून सूर मध्यावर येतो का ते ऐका.

ढोलकीवाल्याच्या भावाला मी शेवटी विचारलं, महिन्याला ऑर्केस्ट्राचे किती आणि एकट्याचे किती. म्हणाला, सध्या ऑर्केस्ट्रा दोन, एकट्याचे शून्य, पण वहिनी गाते, तिच्याबरोबर सुरू करायचंय. म्हटलं, मग आत्ता ज्यूनो किंवा एक्सपीएस-३० घे, उरलेल्या पैशात चांगला स्टँड, दोन केबल आणि डीआय बॉक्स (कीबोर्ड मिक्सरला जोडायची छोटी डबी). वहिनीचे कार्यक्रम खरंच लागले की जुना पीए ६०० बघू. तो म्हणाला, "पण दादा, एसएक्सचा पडदा मोठाय." मग मी त्याला माझं केस उचलून खाली स्कूटरपर्यंत न्यायला सांगितलं. त्यात माझा जुना अरेंजर होता.