विजापूर वीकेंड ट्रिप (ठाणे आणि नवी मुंबईहून) – कॉलेज ग्रुपसाठी नक्की करा, पण वेळेचं आधी बोलून घ्या

आमच्या सिव्हिलच्या ग्रुपने ठाण्यातल्या एका टूरवाल्यांकडून विजापूरची ट्रिप केली, शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत, आणि कोणी विचारत असेल तर माझं उत्तर हो आहे, नक्की जा. फक्त प्लॅनमध्ये एक बदल करून घ्या, तो खाली लिहिलाय.

आधी बसचं. पिकअप तीन हात नाका, मग ऐरोली आणि वाशी, त्यामुळे नवी मुंबईच्या मुलांना उगाच ठाण्यापर्यंत यावं लागलं नाही. नॉन एसी पुशबॅक, दोन ड्रायव्हर होते आणि रात्री ते खरंच आलटून पालटून चालवत होते, हे मी मुद्दाम बघितलं. सोबत एक मॅनेजर ताई होत्या, मुलींच्या घरच्यांचे फोन त्याच घेत होत्या, वॉशरूमचा हॉल्ट मागितला की चिडचिड न करता गाडी थांबवायच्या, त्यामुळे ज्या मैत्रिणींना घरून परवानगी मिळत नव्हती त्यापण आल्या. पुणे, सोलापूर करत सकाळी विजापूर. सोलापूरपासून पुढे साधारण १०० किमी. गावाचं अधिकृत नाव २०१४ पासून विजयपुरा झालंय, पाट्यांवर तेच दिसेल, गोंधळू नका.

या टूरवाल्यांचं सगळ्यात भारी काम म्हणजे हॉटेलवर न जाता बस थेट गोलघुमटाला नेली, गेट उघडायच्या वेळेला. झोप झाली नव्हती म्हणून अर्धे जण वैतागले होते पण हीच वेळ बरोबर आहे. वरच्या गॅलरीत जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद, उभे जिने चढायचे, आणि वर गेलं की एका बाजूला भिंतीला तोंड लावून हळू बोललं तरी समोरच्या टोकाला, म्हणजे ३७-३८ मीटर लांब उभ्या असलेल्याला स्वच्छ ऐकू येतं, आवाज भिंतीच्या गोलाईला धरून फिरत जातो म्हणून. हे फक्त शांतता असेल तरच कळतं. नऊनंतर शाळांच्या सहली आल्या आणि सगळे नुसते ओरडायला लागले, मग प्रतिध्वनीवर प्रतिध्वनी, काहीच समजेना.

आणि गाईड! लोकल काका होते, मराठी छान बोलत होते मधूनच दख्खनी टाकत, आणि आम्ही सिव्हिलचे आहोत कळल्यावर त्यांनी आम्हाला खाली हॉलच्या मध्यभागी उभं करून वर बघायला लावलं. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, तर एकमेकांत फिरवलेले दोन चौकोन धरून आठ कमानी काढल्यात, त्या एकमेकींना छेदत वर आतल्या बाजूला झुकतात आणि घुमटाचा बाहेर जाणारा रेटा त्या झुकलेल्या वजनाने तोलला जातो. बाहेरून ४४ मीटर व्यास आणि मध्ये एकही खांब नाही! मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला, त्याचीच ही कबर. स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला जे डोक्यावरून गेलं होतं ते मला तिथे मान वर करून उभं असताना कळलं, यासाठी मी त्या काकांची कायम आभारी आहे.

मलिक-ए-मैदान तोफ बघितली, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन ५५ टनांच्या आसपास, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती कोरलाय. बारा कमानला मात्र मला जास्त वेळ हवा होता. दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर, तो १६७२ ला गेला आणि नुसत्या कमानी उभ्या राहिल्या, छत नाहीच, त्यामुळे बांधकाम कसं वर चढत गेलं असेल ते उघडं दिसतं.

आता तक्रार. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, रविवारी दुपारी शेवटी ठेवला होता आणि त्याच्याआधी एका साडीच्या दुकानात बस इतका वेळ थांबवली की रोज्याला जेमतेम अर्धा तास उरला. हे चूक आहे. एकाच जोत्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे कारंज्याचा हौद, खिडक्यांना दगडात कोरलेल्या अक्षरांची जाळी, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात ते आम्ही धावत बघितलं. ज्या दुसऱ्या इब्राहिमला संगीताच्या वेडापायी लोक जगद्गुरू म्हणायचे त्याची ही जागा, इथे निवांत बसायला मिळायला हवं होतं. आपण शाळेत विजापूर म्हणजे १६५९ ला अफजलखान निघाला ते गाव एवढंच शिकतो, शहाजीराजे याच दरबारात सरदार होते हेही पटकन आठवत नाही, आणि त्या दरबाराचं दुसरं रूप सगळ्यात जास्त रोज्यातच दिसतं.

जेवण मस्त, हॉटेलचं नाही, खानावळीचं. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही. शेंगाचटणी आम्ही सगळ्यांनी बांधून आणली. हॉटेल ठीकठाक, गरम पाणी फक्त सकाळी.

बुकिंग करताना सांगा की दुकान नको आणि रोजा शनिवारी संध्याकाळी ठेवा, ऊन उतरलेलं असतं. आमच्या ज्युनिअर्सनी असं सांगितलं तर टूरवाले लगेच तयार झाले, एक रुपयाही जास्त मागितला नाही.