स्प्लेंडरचं इंजिन बांधलं: आधीचा अंदाज, झालेला खर्च आणि पावसाळ्यानंतरची गाडी

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००९ चं मॉडेल, ९७.२ सीसी. रोज सासवडहून दिवेघाट उतरून हडपसरला जायचं आणि संध्याकाळी तोच घाट चढायचा. लाखभर किलोमीटर केव्हाच झालेत. शेवटी शेवटी घाटात तिसऱ्या गिअरला दम राहिला नव्हता, मागे निळसर धूर यायचा आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकावं लागायचं. गुढीपाडव्याच्या सुमारास इंजिन पूर्ण उघडून बांधलं, आता दिवाळीही झाली. इतकी वापरल्यावर लिहितोय, कारण इंजिनकामाचा अंदाज कसा घ्यायचा हे नीट सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं.

एका गॅरेजने गाडी स्टँडवर लावून, नुसता आवाज ऐकून "सगळं मिळून पंधरा हजार" सांगितलं. असा गोळा आकडा मला मान्यच नाही. त्यात क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) धरला आहे का, माल कंपनीचा की लोकल, मजुरी किती, काहीच कळत नाही. दुसऱ्या मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं, "दादा, उघडल्याशिवाय पक्का आकडा देत नाही. पण उघडायच्या आधी कॉम्प्रेशन बघून घेऊ." तिथेच काम द्यायचं ठरवलं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायला शे-दोनशे रुपये लागतात आणि त्यातून बराच अंदाज येतो. प्लगच्या जागी गेज लावून किका मारायच्या आणि आकडा बघायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायचा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते गोल भोक) गेलेत, हलला नाही तर व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) गळतायत. धुरावरूनही कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना धूर टाकून थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बघा, रेस केल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगा. माझ्या गाडीत ऑइल टाकल्यावर आकडा चांगलाच चढला. मिस्त्रींनी आठ ते तेरा हजार असा पट्टा दिला. हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि ब्लॉक (बोअर असलेला सिलिंडर) यांवर भागलं तर आठ, क्रँकला हात लावावा लागला तर तेरा.

खर्चाची खरी फाटाफूट इथेच होते. हाफ इंजिनमध्ये फक्त हेड आणि ब्लॉक निघतो. क्रँकसाठी इंजिन फ्रेममधून उतरवून केस फोडावी लागते, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ते कवच दोन भागांत उघडावं लागतं. मग मजुरी वाढते, शिवाय उघडलंच आहे म्हणून बेअरिंग आणि ऑइल सीलही बदलावेच लागतात. म्हणून ब्लॉक निघाला की पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड आपल्यासमोर हलवून दाखवायला सांगा. रॉड आडवा थोडा सरकणारच, तसं अंतर ठेवलेलंच असतं. तो हलवून "क्रँक गेला" म्हणणारे भेटतील. उभा, म्हणजे वर-खाली ओढल्यावर, खटका लागला तरच बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग गेलं. माझ्या गाडीत तो खटका हाताला स्पष्ट लागला, त्यामुळे फुल इंजिन, म्हणजे क्रँकसकट, करायचं ठरलं. जुन्याच क्रँकवर नुसतं रॉड किट (नवा रॉड आणि त्याचं बेअरिंग) प्रेस करून घेतलं असतं तर अर्ध्या पैशात झालं असतं, पण रोजच्या घाटासाठी मी पूर्ण क्रँकच घेतला, सुमारे बत्तीसशेला.

ब्लॉकच्या बाबतीत मात्र उलटं केलं. नवीन ब्लॉक-पिस्टन किट चोवीसशेपर्यंत जात होतं. जुना ब्लॉक मूळ कंपनीचा, एकदाही बोअर न मारलेला, म्हणजे भोक कापून मोठं न केलेला. लेथवाल्याने गेज लावून बघितलं, वरच्या बाजूला अंडाकृती झिजला होता आणि पाव मिलिमीटरमध्ये साफ होणार नव्हता. म्हणून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. मूळ बोअर ५० मिलिमीटर, म्हणजे आता ५०.५. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा, म्हणजे त्या पिस्टनच्या मापाने बोअर मारला जातो. हे मी आग्रहाने सांगेन. पिस्टन, रिंगा, पिन, बोअर आणि होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) मिळून तेराशेच्या आसपास गेले.

बाकी सामान पुण्याच्या नाना पेठेतून आणलं. क्रँकची बेअरिंग पाचशे, टायमिंग चेन, टेन्शनर आणि रोलर साडेसहाशे, व्हॉल्व्ह आणि सील सहाशे, व्हॉल्व्हच्या बैठकीचं सीट कटिंग आणि लॅपिंग (घासून नीट बसवणं) चारशे, क्लच प्लेटा आणि स्प्रिंगा साडेपाचशे, पॅकिंग आणि ऑइल सीलचा संच चारशे, दोन वेळचं ऑइल सातशे, मजुरी अडीच हजार. बेरीज दहा हजार आठशेच्या आसपास. ही खरेदी २८ टक्के जीएसटीच्या काळातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के आहे, तेव्हा आता घेताना नवी छापील किंमत बघून घ्या. रिकामे खोके आणि जुने पार्ट मी परत मागून घेतले. मिस्त्रींनी ते न कुरकुरता दिले.

अंदाजात सहसा धरला जात नाही तो इंजिनाबाहेरचा खर्च: प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर साफ करणं, किकचा सील. त्यात आणखी हजारेक गेले. सायलेन्सरमध्ये मुरलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत थोडे दिवस धूर येतो, त्याने घाबरून पुन्हा इंजिन उघडायला लावू नका.

पहिले पाचशे किलोमीटर घाटात डबल सीट नेलं नाही, वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटलं नाही. मग ऑइल बदललं आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट केले. या इंजिनात ऑइलचा कागदी फिल्टर नसतो. क्रँकच्या टोकाशी फिरणारा रोटर गाळ धरतो, तो बांधताना उघडून साफ केलाय ना, हे विचारा. माझ्या रोटरमध्ये काळी पेस्ट घट्ट बसली होती.

आता ऑइलची पातळी दोन सर्व्हिसिंगच्या मधे काडीवर तिथेच असते. अॅव्हरेज पंचेचाळीसवरून साठीच्या आसपास आलंय. दिवेघाट तिसऱ्यात सहज चढते, पावसाळाभर एकदाही अडली नाही. क्लच कव्हरच्या पॅकिंगला थोडा ओलावा दिसतो, तो पुढच्या सर्व्हिसिंगला बघायचा आहे. टायमिंग चेनचा आवाज नाही.

एवढा खर्च करावा का, हे कागदांवरही ठरतं. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, दुचाकीला त्याची फी एप्रिल २०२२ पासून हजार रुपये झाली, हरित कर वेगळा. माझी नोंदणी आधीच झाली होती आणि नवी गाडी रस्त्यावर आणायला पाऊण लाखाच्या वर लागले असते, म्हणून मला हे परवडलं. गिअर घसरत असतील किंवा केसला तडा असेल तर मात्र मी याच गाडीवर हे पैसे घातले नसते.