एक्सएक्सडी की एम्बेड?

प्रोग्रामच्या पोटातच लोगो किंवा फॉन्ट भरायचा, तर सी भाषेत जुना मार्ग एक्सएक्सडीचा. विम या टेक्स्ट एडिटरसोबत येणारं हे टूल ‘आय’ पर्याय देऊन चालवलं, की फाइलमधला प्रत्येक बाइट हेक्स आकडा होऊन अ‍ॅरेमध्ये, म्हणजे कोडमधल्या आकड्यांच्या यादीत, बसतो. लांबीचं व्हेरिएबलही आयतं मिळतं. कोणताही कंपायलर ते मुकाट्याने घेतो. पण एका बाइटला स्वल्पविराम आणि स्पेस धरून ६ अक्षरं लागतात. म्हणजे १ एमबीच्या फाइलचा ६ एमबीहून मोठा मजकूर होतो आणि कंपायलर तो आकडा-आकडा वाचत बसतो. शिवाय अ‍ॅरेला कॉन्स्ट, म्हणजे ‘हा डेटा बदलणार नाही’ ही खूण, आपोआप लागत नाही. मायक्रोकंट्रोलरवर हे महागात पडतं, कारण ती खूण नसली की डेटा फ्लॅशसोबत रॅमही खातो. (हाताने कॉन्स्ट जोडाल, पण फाइल नव्याने बनली की तो गेला!)

सी२३ या सी भाषेच्या नव्या आवृत्तीतला एम्बेड हा प्रीप्रोसेसर निर्देश (कंपायलरला दिलेली सूचना) एक्सएक्सडीने बनवलेली ही मधली फाइलच काढून टाकतो. अ‍ॅरेच्या कंसात एक ओळ, कॉन्स्ट तुमच्या हातात, लांबी साइझऑफ या सीमधल्याच ऑपरेटरने. मात्र कंपायलर नवा, म्हणजे जीसीसी १५ किंवा क्लँग १९ तरी हवा. चिपसोबत आलेला जुनाट कंपायलर गळ्यात असेल, तर या दोघांत एक्सएक्सडीच उरतो. एरवी मी एम्बेडच घेतो.