अंगणातला वासाचा गुलाब: दमास्क, एडवर्ड की हायब्रिड टी?

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की गोव्यात कुंड्यांची खरेदी सुरू होते. गुलाब वासासाठी हवा असेल तर रंगाआधी त्याचं घराणं विचारा.

दमास्क आपल्यासाठी नाहीच. अत्तर त्याचंच, वादच नाही. पण तो बहुधा वर्षातून एकदा, वसंतात फुलतो आणि त्याला हिवाळा लागतो. हिमाचलातल्या पालमपूरच्या ‘ज्वाला’, ‘हिमरोज’ या वाणांना मिळते ती थंडी डिचोलीत कुठून आणणार?

एडवर्ड हा दमास्क आणि चिनी गुलाबाचा संकर. वास दमास्ककडचा, पुन्हापुन्हा फुलण्याची सवय चिनी आजोळाची. फांदी लावली तरी मूळ धरते, त्यामुळे रानटी खुंटावर कलम केलेल्या गुलाबांसारखी, खालचा खुंट फुटून वरचं झाड मरण्याची भीती नाही. फूल मात्र फुलदाणीत टिकत नाही. देवाला, गुलकंदाला उत्तम.

हायब्रिड टी, म्हणजे दुकानात दिसणारे मोठ्या फुलांचे आधुनिक संकरित गुलाब, यांत खरी गंमत आहे. गुलाबाच्या दीडशेहून अधिक रानटी जाती आहेत, पण आधुनिक गुलाबांत मुख्यतः आठ-दहा जातींचंच रक्त. त्यांतले हे तीन वाण पाहा: ‘पापा मेयाँ’ (१९६३) फ्रान्सचा, ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ अमेरिकेचे. तिघांचे आईबाप एकच, ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालरँ’. म्हणजे विविधता म्हणून तिन्ही गडद लाल कुंड्या घरी आणल्या, तर आणली ती सख्खी भावंडं. शिवाय घराणं एक म्हणून वास येईलच असंही नाही. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी सुवासिक ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ ताडून पाहिले, तेव्हा फरक एका जनुकाच्या कामात सापडला: एनयूडीएक्स१. ते मंदावलं की गुलाबी वासाचं जेरॅनिऑल तयार होत नाही. तेव्हा विकत घेताना फूल हुंगूनच घ्या, लेबलावर जाऊ नका.

यातलं ‘पापा मेयाँ’ भुरीला (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला) लवकर बळी पडतं, म्हणून भावंडांतून निवडायचं तर मी लिंकन घेईन. सोबतीला दुसऱ्या घराण्यातलं ‘डबल डिलाइट’ (१९७७): ‘ग्रॅनडा’ आणि ‘गार्डन पार्टी’चं अपत्य, वासाला मसालेदार. पावसात दोन्हींच्या पानांवर काळे ठिपके येणार. कुंड्या पागोळ्यांपासून दूर, वाऱ्यावर ठेवा.

एकच कुंडी ठेवायची असेल तर एडवर्ड.